उघड्या तोंडाचा आठ

"हे हलून राहिले का गं?" नगराळे बाईंनी मायक्रोस्कोपवरचे डोळे न काढता विचारलं.

"नाही बाई, तुमचं कोपर टेबलाला लागतंय. पेशी अशा हलताना दिसत नाहीत."

बाईंनी कोपर आवरलं, चष्मा कपाळावर सारला आणि पुन्हा वाकल्या. "हं. आता बसले गुमान. साहेब तपासणीला आल्यावर वर्ग बसतो तसे. अन् हे काळे काळे ठिपके?"

"तो रंग. आपल्या कातडीला, केसांना रंग असतो ना, तोच. तुमच्या गाठीतल्या पेशी तो अजून बनवतायत."

"म्हणजे इथे येऊनही काम सोडलं नाही मेल्यांनी," असं म्हणून बाई स्वतःशीच हसल्या.

२००६ सालचा मे महिना, शनिवार, सकाळचे साडेअकरा. बाहेर नागपूर शेहेचाळीस अंशांवर भाजत होतं आणि आमच्या संस्थेत थंड अशी एकच जागा होती, ती म्हणजे कल्चर रूम, जिथे आम्ही काचेच्या बाटल्यांमध्ये माणसांच्या पेशी वाढवायचो. चपला दाराबाहेर काढायच्या, आतल्या निळ्या रबरी स्लिपर घालायच्या, पांढरा कोट चढवायचा, मगच आत. बाईंना सगळ्यात छोटा कोट दिला तरी तो त्यांच्या घोट्यापर्यंत आला होता. डाव्या पायात त्यांना स्लिपर घालता येईना, कारण त्या पायाला टाच अशी उरलीच नव्हती. शेवटी मी त्या पायावर प्लास्टिकची पिशवी बांधली.

बाईंचं वय एकसष्ट. हिंगणघाटजवळच्या एका शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला होता. दोन वर्षांपूर्वी टाचेत काटा रुतला म्हणून त्यांनी बिब्बा घातला. टाच काळी पडली. बिब्ब्याचा डाग राहतोच, म्हणून वर्षभर ना बाईंनी लक्ष दिलं ना घरच्यांनी. तो डाग बिब्ब्याचा नव्हता. तो मेलॅनोमा होता, कातडीत रंग बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग. टाच कापून काढली तोवर तो जांघेतल्या गाठींपर्यंत चढला होता, आणि नेहमीच्या औषधांचे दोन फेरे झाले तरी गाठी वाढतच होत्या.

शेजारच्या रुग्णालयातल्या डॉ. देवतळेंकडे एक शेवटची गोष्ट उरली होती. रक्ताच्या एका कर्करोगावर चालणारी गोळी. पायाच्या अशा मेलॅनोमावर ती चालेल अशी नुसती शंका होती, खात्री कुणालाच नव्हती. ती द्यायची की नाही हे तिथली समिती ठरवणार होती, आणि समितीचं म्हणणं साधं होतं. आधी बाईंच्या पेशींवर करून दाखवा. बाईंच्या गाठीचा हरभऱ्याएवढा तुकडा म्हणून आमच्याकडे आला, आणि तो माझ्या हवाली झाला.

मी, प्रणिता ठवकर, तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला, आणि स्वतःच्या हुशारीबद्दल माझा फार चांगला समज होता. त्या तुकड्यातून पेशी जगवायला मला पाच महिने लागले. लेकराचं करावं तसं केलं त्यांचं. पाच महिन्यांनी जेमतेम पाच बाटल्यांपुरत्या पेशी झाल्या. एका बाटलीत औषध नाही, बाकी चारांत वाढत्या मात्रेने: 1, 2, 4, 8. माणसाच्या रक्ताला झेपेल अशी मात्रा 4 पर्यंतच. 8 ला पेशी मरतील, पण माणूसही मरेल. तेव्हा सगळा जीव अडकला होता तो 4 मध्ये.

आणि नेमकी तीच बाटली गेली. बुधवारी सकाळी इन्क्युबेटर उघडला तर एका बाटलीत कापसासारखी बुरशी तरंगत होती. बुरशी एका बाटलीतून दुसरीत जायला वेळ लागत नाही. मी काही न बघता ती बाटली उचलली, झाकण काढून ट्रेमध्ये टाकलं, बाटली ब्लीचिंगच्या बादलीत बुडवली आणि मग मागे वळून उरलेल्या मोजल्या. 0, 1, 2, 8. म्हणजे गेली ती 4. मी तिथेच स्टुलावर बसून रडले होते.

शुक्रवारी निकाल आला. 0, 1 आणि 2 मधल्या पेशी मजेत होत्या. 8 मधल्या सगळ्या मेल्या होत्या. माझे गाइड डॉ. मथाई यांनी समितीसाठी पत्र टाइप करून घेतलं, 'माणसाला देता येईल अशा मात्रेत औषधाचा परिणाम आढळला नाही.' नवीन पेशी वाढवून पुन्हा प्रयोग करायला तीन महिने तरी लागणार होते, आणि देवतळेंच्या हिशेबात बाईंकडे तीन महिने नव्हते. समितीची बैठक शनिवारी चार वाजता होती. देवतळेंनी बाईंना आदल्या संध्याकाळीच खरं काय ते सांगून टाकलं होतं.

म्हणून बाई आल्या होत्या. हिंगणघाटची साडेपाचची बस होती. हातात कापडी पिशवी आणि काठीसारखी धरलेली छत्री. दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "ज्यांनी मला घरी पाठवलं त्यांना एकदा डोळ्यांनी पाहून जाते."

आता त्यांनी मायक्रोस्कोपवरून मान वर केली. "हे झाले जिवंत. मला मेलेले दाखव. तेवढंच बरं वाटेल."

मी इन्क्युबेटरमधून ती बाटली काढली. खरं तर बाहेरच्या माणसाच्या हातात बाटली द्यायची नसते. पण बाटलीतलं जे होतं ते त्यांचंच होतं, तेव्हा मी दिली. बाईंनी ती उजेडात धरली, गोल फिरवली आणि झाकण डोळ्यांजवळ नेलं.

"हा चार कोणी काढला?" त्यांनी विचारलं. "वळण छान आहे."

"तो आठ आहे बाई."

"आठ?"

"हो. आठ मात्रेची बाटली आहे ती. मी सांगितलं ना मघाशी."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या पहिलीच्या बाकावर बसल्यासारखं वाटलं. "पोरी, पस्तीस वर्षं मी अंक शिकवले. तुमच्या इंग्रजी आठाचं तोंड मिटलेलं असतं. चाराचं उघडं असतं. हे बघ, दोन्ही हात वर केलेत त्याने. आठ असता तर वर टोपी असती. ही टोपी कुठे आहे?"

मी बाटली त्यांच्या हातातून घेतली. झाकणावर काळ्या शाईत N लिहिलेला होता, बाईंच्या आडनावाचा, आणि खाली तो आकडा. खाली गोल, वर दोन फाटे. फाटे वरती एकमेकांच्या जवळ आले होते, पण टेकले नव्हते.

"पण आम्ही इथे मराठी आकडे वापरतच नाही," मी म्हणाले.

"मग कोणी वापरला?"

मी 2 ची बाटली काढली. 1 ची काढली. झाकणांवर माझी निळी शाई होती, माझं अक्षर होतं, खाली तारीख होती. आणि या एकाच झाकणावर काळी शाई, आणि तारीख नाही. माझा 8 म्हणजे एकावर एक ठेवलेली दोन शून्यं. तो असा दिसत नाही. बाटली हातातून पडू नये म्हणून मी ती आधी खाली ठेवली.

"बाई, इथेच बसा. कशालाही हात लावू नका."

"मी काय तिसरीतली आहे का," असं बाई म्हणाल्या, पण तोवर मी स्लिपर घालूनच कॉरिडॉरमध्ये पोचले होते.

डॉ. मथाई केरळचे. वीस वर्षं नागपुरात राहून त्यांनी मराठी कमावली होती, फक्त लिंगं तेवढी राहिली होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं तसे ते उठून माझ्या मागे आले, कोट चढवला, भिंग घेतलं आणि झाकण बराच वेळ बघितलं.

"हा आठ आहे," ते म्हणाले.

"सर, मराठीत हा चार आहे."

"मराठी आकडा मला येते. बसचे नंबर मी वाचतो."

"मग वाचा," स्टुलावरून बाई म्हणाल्या.

सरांनी पुन्हा भिंग लावलं. "आठ."

"तुमची बस चुकत कशी नाही?"

"चुकते ना," सर गंभीरपणे म्हणाले. "म्हणून तर स्कूटर घेतली."

मला हसू येत होतं आणि रडूही. "सर, हा चार असेल तर मेलेल्या पेशी चारला मेल्या. चार माणसाला देता येतो. पत्र उलटं होतं. सगळंच उलटं होतं."

सरांनी भिंग खिशात ठेवलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, बाईंकडे बघत होते. "प्रणिता, हा चार आहे, की हा चार असावा असं आपल्याला वाटते? ही औषध साधी नाही. छातीत पाणी भरू शकते. कुणाला तरी चार दिसला म्हणून मी सही करू शकत नाही. मला पुरावा आणून दे. चारच्या आत आण, मी त्या समितीसमोर उभा राहतो."

"बरोबर आहे त्यांचं," बाई म्हणाल्या. "पुरावा पाहिजे. मीही नुसत्या उत्तराला गुण देत नव्हते."

बारा वाजून गेले होते. काळ्या शाईचा मार्कर लॅबमध्ये एकच माणूस वापरायचा, उईके भाऊ. शेषराव उईके, आमचे लॅब अटेंडंट. बाटल्या धुणं, निर्जंतुक करणं, इन्क्युबेटर पुसणं, सगळं त्यांच्याकडे. भाचीच्या लग्नासाठी ते बुधवारी पहाटेच रामटेकला गेले होते. त्यांच्या भावाचा मोबाइल नंबर ऑफिसच्या फळ्यावर होता. चौथ्या प्रयत्नाला फोन लागला, आणि कानात आधी बँडच शिरला.

"भाऊ, मी प्रणिता. कल्चर रूममधून."

"हाव मॅडम, बोला न जी. इकडं वरात निघाली."

"भाऊ, N च्या बाटल्या आठवतात? पाच होत्या. त्यातल्या एका झाकणावर तुम्ही काही लिहिलं का?"

"मंगळवारी पुसल्या न मी साऱ्या. स्पिरिटनं एका झाकनावरची शाई निंघून गेली जी. मंग जे होतं तेच लिवून देल्लं."

"काय होतं? चार का आठ?"

बँड वाजत राहिला. "खोटं नाही सांगत मॅडम, ध्यानात नाही. पन जे होतं तेच लिवलं."

"मराठीत लिहिलंत?"

त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हाताले सवय हाय जी. तुम्ही मांगं बोलल्या होत्या मले, मराठी आकडे लिवू नका म्हनून. चुकलं माझं."

"चुकलं नाही हो भाऊ. फक्त मला सांगा, तो चार होता हे कशावरून कळेल?"

"आता म्या काय सांगू?" ते म्हणाले, आणि मग बँडच्या वर आवाज चढवून, "तुम्ही कोनती बाटली फेकली होती न बुरशीची, त्या दिवशी मले भावाच्या फोनवर सांगत होत्या तुम्ही? तिचं झाकन पाहा न. मी तं बुधवारपासून नाही, धुतलं कोन असन? ट्रेमंदी पडून असन सारं."

फोन माझ्या हातात तसाच राहिला. किती साधं होतं. फेकलेल्या बाटलीवर 8 असेल तर उरलेली 4 आहे. फेकलेल्या बाटलीवर 4 असेल तर आमचं पत्र बरोबर आहे आणि बाईंची बस साडेपाचला आहे. आणि उईके भाऊ नसले की आमच्याकडे एक बाटली धुतली जात नसे, इतके आम्ही सगळे आळशी होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या आळसाचे पाय धरावेसे वाटले.

धुण्याच्या खोलीत एसी नव्हता. खिडकीतला कूलर गरम वारा ओकत होता. ट्रेमध्ये चार दिवसांची झाकणं साठली होती, सात जणांच्या प्रयोगांची, दीड-दोनशे तरी असतील. मी ट्रे फरशीवर उपडा केला. बाई छत्री टेकत आल्या, स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "गठ्ठे करू. N चे वेगळे, बाकीचे वेगळे. मला हातमोजे दे."

"बाई, उकडतंय इथे. तुम्ही तिकडे बसा."

"माझं आहे म्हणून नाही गं. वह्यांचा गठ्ठा दिसला की मला राहवत नाही."

आम्ही दोघी झाकणं वेचायला लागलो. बाईंचा हात माझ्यापेक्षा भराभर चालत होता. उचलायचं, डोळ्यांजवळ न्यायचं, टाकायचं. मध्येच एखादं धरून त्या म्हणायच्या, "हा सात कोणाचा? याला घरी पाठवलं पाहिजे," किंवा "हे अक्षर आहे का किडा?" मी प्रत्येक झाकणावर फक्त N शोधत होते. एक N सापडला. तो एप्रिलचा निघाला. दुसरा सापडला, त्यावरचा आकडा 2, पण तो पेशी वाढवतानाच्या जुन्या बाटलीचा. दीड वाजला. सर एकदा दारात येऊन, झाकणांचा ढीग बघून परत गेले.

दोन वाजायला आले तेव्हा फरशीवर वीसेक झाकणं उरली होती. बाईंचा हात थांबला.

"प्रणिता."

त्यांनी मला नावाने हाक मारली ती तेवढी एकदाच. एरवी मी 'पोरी'च होते.

त्यांच्या तळव्यावर एक झाकण होतं. आतल्या कडेला राखाडी, वाळलेली बुरशी चिकटलेली. मला ते उलटं करून बघायचा धीर होईना. "तुम्हीच वाचा," मी म्हणाले.

बाईंनी ते उलटं केलं आणि वर्गात फळ्यावरचं वाचावं तसं ठणठणीत वाचलं. "N. खाली आकडा. खाली तारीख, पाचव्या महिन्याची नऊ. शाई निळी." मग झाकण माझ्यापुढे धरलं. "एकावर एक दोन शून्यं. टोपीसकट. हा आठ आहे की नाही, तू सांग."

तो 8 होता. माझ्या हातचा, माझ्या निळ्या शाईतला, तारखेसकट 8. मी बाईंना मिठी मारली. बुरशीचं झाकण, हातमोजे, घाम, कशाचंच भान नव्हतं. बाई म्हणत होत्या, "अगं, आधी त्या सरांना दाखव, नंतर गळ्यात पड," आणि माझी पाठ थोपटत होत्या.

सरांनी दोन्ही झाकणं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. निळा 8 आणि काळा ४. दोन्हींवर भिंग लावून पाहिलं. मग टाइप केलेलं पत्र उचलून त्याचे आडवे-उभे तुकडे केले आणि कोरा कागद ओढला. हाताने लिहायला लागले. तीन पानं लिहिली. काय झालं, कुठे चुकलं, कुठली बाटली गेली, झाकण कसं सापडलं, सगळं. एका बाटलीवरून काढलेला निष्कर्ष आहे आणि प्रयोग पुन्हा सुरू करतो आहोत, हेही लिहिलं. शेवटी दोन्ही झाकणं एका पाकिटात घातली. चारला दहा कमी होते. सर पाकीट घेऊन शेजारच्या इमारतीकडे धावले, आणि त्या भट्टीतल्या डांबरी रस्त्यावरून धावताना त्यांच्या पायात कल्चर रूमच्या निळ्या स्लिपर होत्या.

बैठकीच्या खोलीबाहेर लाकडी बाक होता. बाई आणि मी त्यावर बसलो. बाईंनी पिशवीतून दशम्या काढल्या, बसमध्ये खायला आणलेल्या. मला एक दिली. मी ती हातातच धरून बसले. बाई मात्र शांतपणे खात होत्या.

"तू कोणत्या शाळेत होतीस?" त्यांनी अचानक विचारलं. "इंग्रजी?"

मी मान हलवली. "नाही. लाखनीजवळ. जिल्हा परिषदेची."

"म्हणजे पहिलीत ४ च काढलास."

"हो."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सांगून टाकलं. पुण्याला एम.एस्सी.ला गेले तेव्हा पहिल्याच प्रॅक्टिकलला मी नोंदवहीत मराठी आकडे काढले होते, आणि ती वही अख्ख्या वर्गात फिरली होती. नाव विचारायच्या आधी मुली मला 'चौथी पास' म्हणायला लागल्या. त्या वर्षी मी खोलीवर बसून स्वतःला शिकवलं. किराण्याची यादी इंग्रजी आकड्यांत, आईला पाठवायच्या पत्रावरची तारीख इंग्रजी आकड्यांत. इथे आल्यावर उईके भाऊंनी एकदा झाकणावर ३ काढला तर मी सगळ्यांसमोर त्यांना बोलले होते. ही लॅब आहे, बालवाडी नाही, असं. माझ्या वडिलांच्या वयाचे होते ते.

"शुक्रवारी मी ते झाकण हातात घेतलं होतं बाई. आकडा विचित्र दिसला. क्षणभर थांबलेही. पण तो चार असेल हे मनातच आलं नाही. मी वहीत 8 लिहिलं आणि पुढे गेले. माझ्यामुळे तुम्ही आज घरी..."

बाईंनी उरलेली दशमी फडक्यात गुंडाळली.

"वही आहे का ती?"

वही माझ्या कोटाच्या खिशातच होती. मी शुक्रवारचं पान काढून दिलं. बाईंनी पिशवीत हात घालून लाल पेन काढलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, तरी पिशवीत लाल पेन होतं. माझ्या 8 वर त्यांनी एक तिरकी रेघ मारली, शेजारी सुरेख ४ काढला आणि खाली लिहिलं, 'चूक. दहा वेळा लिही.' सही केली, तारीख घातली.

"लिही," त्या म्हणाल्या.

"आत्ता?"

"मग कधी? दुपारची सुट्टी झाल्यावर?"

मी वही मांडीवर घेतली आणि लिहायला लागले. ४. ४. ४. पहिला वाकडा आला. तिसऱ्यापासून हाताला ओळख पटली. कुठे होती ती इतकी वर्षं, कोण जाणे. रडत होते आणि लिहीत होते, आणि आत बंद दारामागे सरांचा आवाज चढत होता. नववा काढला तेव्हा बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांब. दहावा राहू दे."

"का?"

"मी परत आले की माझ्यासमोर काढ. मुलाला एक गणित घरी करायला द्यावं, म्हणजे दुसऱ्या दिवशी शाळेत येतं."

पाच वाजून गेले तेव्हा दार उघडलं. आधी सर आले, घामाने चिंब, स्लिपर अजून पायात. त्यांच्या मागून डॉ. देवतळे. देवतळे मोजकं बोलणारे. बाईंसमोर उभे राहून त्यांनी घड्याळ बघितलं. "बाई, आजची बस सोडा. आज रात्री इथेच राहायचं. उद्या सकाळी पहिली गोळी."

बाईंनी मान डोलावली, पिशवी माझ्याकडे दिली आणि छत्री टेकून उभ्या राहिल्या. मग सरांकडे वळून म्हणाल्या, "तुम्हालाही शिकवीन मी आकडे. त्या स्कूटरवर कुठवर राहाल?"

त्या सोमवारी उईके भाऊ आले ते मान खाली घालून. मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली, जशी सगळ्यांसमोर बोलले होते तशी. ते इतके अवघडले की बुंदीचा डबा माझ्या हातात कोंबून बाटल्या धुवायला पळाले. जूनमध्ये आम्ही नव्या पेशींवर प्रयोग पुन्हा सुरू केला, या वेळी प्रत्येक मात्रेच्या तीन तीन बाटल्या. झाकणांवर दोन्ही आकडे, इंग्रजी आणि मराठी, शेजारी शेजारी. तसं लिहायचा नियम सरांनी स्वतः केला, आणि आज मी जिथे काम करते तिथेही तो माझा नियम आहे. नवीन मुलं कारण विचारतात. मी सांगत नाही, वहीचं ते पान दाखवते.

बाई त्यानंतर सहा वर्षं जगल्या, हे आधीच सांगून टाकते. सगळ्यांना ती गोळी लागू पडत नाही, पुढच्या काही जणांना पडली नाही. बाईंना पडली.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी मी कल्चर रूममध्ये झाकणांवर आकडे घालत होते. कॉरिडॉरमधून छत्री टेकल्याचा आवाज आला. लिफ्ट बंद होती, म्हणजे कुणीतरी तीन जिने चढून आलं होतं. मी बाहेर धावले. बाईंचा चेहरा भरला होता, आणि जांघेतल्या गाठी आता हाताला लागत नाहीत असं त्यांनी मला आल्या आल्या, कॉरिडॉरमध्ये सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगितलं. आमच्या नव्या बाटल्यांचा निकाल दोन दिवसांपूर्वीच आला होता. 4 ला पेशी मेल्या होत्या, तिन्हींत. ते मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ते मला माहीत आहे. मी आतून बघितलं. गृहपाठ काढ."

मी वही आणली. ते पान उघडलं. नऊ आकडे, मेमधल्या शाईतले, आणि पुढे रिकामी जागा. मी पेन टेकवलं. खालचा गोल आला, एक फाटा वर गेला, पण दुसरा फाटा, हाताच्या सवयीने, आत वळून पहिल्याला टेकणार होता. बाईंनी माझं मनगट धरलं.

"उघडं ठेव," त्या म्हणाल्या.